रेघ दिसली, पुढे काय?

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. आदिवासीबहुल भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट. एवढ्या लोकांच्या रक्ताचे नमुने शहरातील प्रयोगशाळेत नेणे अवघड. त्यापेक्षा तपासणीच पाड्यावर नेणे सोपे. बोटभर लांबीच्या कागदी पट्टीने ते शक्य केले आहे.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील एकच अमिनो आम्ल बदललेले असते. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या जिल्ह्यांना हा आजार नवा नाही.

तिथे वर्षानुवर्षे सोल्युबिलिटी चाचणी वापरली जाते. नळीतील द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागच्या काळ्या रेघा दिसतात का ते पाहायचे. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हिमोग्लोबिन आहे. चाचणी स्वस्त आहे, पण ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. शिवाय सहा महिन्यांपेक्षा लहान बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त असल्याने निकाल चुकीने ‘नाही’ येऊ शकतो.

पट्टीचे तंत्र वेगळे आहे. घरगुती गरोदर चाचणीची पट्टी याच तत्त्वावर चालते. विशिष्ट रेणूलाच चिकटणारी प्रतिपिंडे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर किंवा इतर रंगीत कणांवर बसवलेली असतात. सोन्याचे इतके बारीक कण पिवळे दिसत नाहीत. ते हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून लालभडक दिसतात. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्येच अशा लाल द्रावणाचा अभ्यास केला होता. कागदात द्रव पसरत जातो, कण ठरलेल्या जागी अडकतात आणि रेघ उमटते. ना वीज, ना यंत्र. काही मिनिटांत निकाल हाती. सामान्य आणि सिकल हिमोग्लोबिन वेगवेगळे ओळखता येत असल्याने वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळतो आणि नवजात बाळाचीही तपासणी करता येते.

मात्र, ही रेघ वाचणारा डोळा माणसाचा असतो. अंधाऱ्या खोलीत फिकट रेघ निसटते. काही पट्ट्यांवर रेघेचा अर्थ उलटा असतो: रेघ उमटली, तर तो रेणू रक्तात नाही. म्हणून प्रशिक्षण लागते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने रेघेची गडदता मोजण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत ते याचसाठी. उन्हात तापलेल्या खोक्यातील पट्टी दगा देऊ शकते. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवले असेल, तर दात्याच्या रक्तामुळे निकाल फसवा येतो. सिकलसेलसोबत थॅलेसेमियाचा दोष असल्यास तोही पट्टीवर उमगेलच असे नाही. त्यामुळे पट्टीवर सिकल हिमोग्लोबिन आढळले की ‘एचपीएलसी’ तपासणीने खात्री करणे आवश्यक ठरते.

खरा कस पुढे लागतो. वाहकाला औषधाची गरज नसते. त्याला समुपदेशन हवे. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे नीट न सांगता हाती नुसते कार्ड दिले, तर त्याचा उपयोग मुलीचे लग्न मोडण्यापुरताच होतो. आजारी बाळाला पेनिसिलिन आणि न्यूमोकोकल लस वेळेवर मिळायला हवी. हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात, पण हे औषध रोज घ्यावे लागते आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते. ते जवळच्या आरोग्य केंद्रात कायम मिळाले नाही, तर मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारा रुग्ण दोन-तीन खेपांनंतर येणे थांबवतो.

म्हणून मोहिमेच्या अहवालात किती जणांची तपासणी झाली, या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे हवेत: किती जणांची खात्रीची तपासणी झाली आणि वर्षभरानंतर किती रुग्ण औषध घेत आहेत. पट्टीचा निकाल काही मिनिटांत मिळतो. त्यानंतरचे उपचार आयुष्यभर चालवावे लागतात.