पोलादनगरी आणि दोन प्रशस्तिपत्रे

भिलाईचे नाव निघाले की पोलाद आठवते. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ सालचा. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते फेब्रुवारी १९५९ मध्ये झाले. विदर्भातून नोकरीसाठी गेलेली अनेक मराठी कुटुंबे तेथेच रुजली, आणि मुलाने अभियंता व्हावे हे त्या घरांचे जणू कुलव्रत ठरले. सरकारनेही या व्रताला साथ दिली. २००५ मध्ये येथे राज्याचे तांत्रिक विद्यापीठ आले, २०१६ मध्ये आयआयटी आली आणि तिचे कायमस्वरूपी संकुल पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रार्पण केले. याच शहरात इतिहास, समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र शेजारच्या दुर्गचे, २०१५ साली स्थापन झालेले विद्यापीठ येते. त्याने उत्तम काम केले, तर त्याची दखल कोण घेणार?

हा प्रश्न आता विचारण्याचे कारण विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘पीएच.डी. एक्सलन्स सायटेशन’ ही योजना. २०२४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या तिच्या आराखड्यानुसार दरवर्षी देशभरातून दहा प्रबंधांना प्रशस्तिपत्र मिळायचे आहे. विज्ञान, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रे, भारतीय भाषा आणि वाणिज्य-व्यवस्थापन या पाच गटांना प्रत्येकी दोन. प्रत्येक विद्यापीठाने एका गटातून एकच प्रबंध पाठवायचा आहे. ही अट स्वागतार्ह आहे. तिच्यामुळे नामांकनापुरते तरी दुर्ग आणि दिल्ली एका रांगेत उभे राहतात.

खरी अडचण गटांच्या रचनेत आहे. सामाजिक शास्त्रांच्या गटातच मानव्यविद्या आणि शिक्षणशास्त्रही कोंबलेले आहेत. म्हणजे अर्थशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र या साऱ्यांना मिळून वर्षाला दोन प्रशस्तिपत्रे. आयोगानेच दिलेल्या आकडेवारीनुसार पीएच.डी.चे प्रवेश २०१०-११ मधील ७७,७९८ वरून २०१७-१८ मध्ये १,६१,४१२ वर गेले आणि त्यांत सामाजिक शास्त्रांचा वाटा १२ टक्के, तर भारतीय भाषांचा ६ टक्के होता. इतक्या विस्तारातून, तर्काची आणि पुराव्याची रीत पूर्णतः भिन्न असलेल्या विषयांतून दोन नावे निवडणाऱ्या समितीची कीवच करावी लागेल.

त्याहून गंभीर प्रश्न भाषेचा आहे. मराठी साहित्यावरील प्रबंध भारतीय भाषांच्या गटात जाईल, हे समजण्यासारखे आहे. परंतु मराठीत लिहिलेला ग्रामीण समाजशास्त्रावरील प्रबंध, किंवा छत्तीसगडच्या खाणकामगारांवर हिंदीत लिहिलेला प्रबंध सामाजिक शास्त्रांच्या गटात गेल्यावर तो वाचणार कोण? राज्य विद्यापीठांतील मानव्यविद्यांचे संशोधन मोठ्या प्रमाणावर देशी भाषांत होते. परीक्षक इंग्रजीतच वाचणार असतील, तर नामांकनाची समानता कागदावरच राहील.

पैशाचा हिशेबही पाहिला पाहिजे. नेट-जेआरएफ मिळालेल्या संशोधकाला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. येथे विषयाचा भेदभाव नाही, हे मान्य केले पाहिजे. भेद सुरू होतो तो त्याच्या वर आणि त्याच्या खाली. २०१८ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेली पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती ७०,००० रुपयांपासून सुरू होते, आणि ती विज्ञान-तंत्रज्ञानासाठी आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने पुढील पाच वर्षांत आणखी दहा हजार अधिछात्रवृत्त्या जाहीर केल्या, त्याही तंत्रज्ञान संशोधनासाठीच. खालच्या पायरीवर केंद्रीय विद्यापीठांतील बिगर-नेट संशोधकाचे ८,००० रुपये आहेत. तेही ऑक्टोबर २०१५ मध्ये आयोगाने बंद करू पाहिले आणि विद्यार्थी दिल्लीत रस्त्यावर उतरल्यावर वाचले. राज्य विद्यापीठातील विद्यार्थ्याला तो आधारही नाही. (सनदी सेवेच्या मुख्य परीक्षेला मात्र अनेक अभियंते समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्रच निवडतात, या विषयांची उपयुक्तता दिल्लीला ठाऊक नाही, असे म्हणता येत नाही.)

भिलाईत संशोधनाला विषय नाहीत, असे कोणी म्हणू नये. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ मध्ये येथे क्षेत्रकार्य सुरू केले आणि २०२० मध्ये त्यावरचा त्यांचा भला थोरला ग्रंथ प्रसिद्ध झाला. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार हे एकाच कारखान्याच्या आवारात राबूनही दोन वेगळे वर्ग झाले आहेत, हे त्यांचे प्रतिपादन. कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची १९९१ मध्ये याच शहरात हत्या झाली, तीही कंत्राटी मजुरांचा लढा ऐन भरात असताना. पॅरींच्या निष्ठेबद्दल आदरच आहे. तथापि, ज्यांच्या घरात हा भेद रोज जेवायला बसतो, अशा कंत्राटी कामगाराच्या मुलीने तोच विषय घेतला, तर तिला क्षेत्रकार्यासाठी प्रवासखर्च कोण देईल, हा प्रश्न उरतोच.

या परिसराला मानव्यविद्येची परंपरा नवी नाही, आणि तिच्यात मराठी वाटाही आहे. भिलाईहून तासाभराच्या अंतरावरील राजनांदगावात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून अध्यापन करीत होते. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी आणि एम.ए. नागपूर विद्यापीठाची. ती पदवी त्यांनी अनेक वर्षे शाळामास्तरकी आणि पत्रकारिता केल्यावर घेतली, आणि महाविद्यालयातील स्थिर नोकरी मिळाली तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. भारताच्या इतिहास व संस्कृतीवर त्यांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकाची राज्यसंस्थेने घेतलेली दखल म्हणजे १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर घातलेली बंदी. दोनच वर्षांनी ते गेले.

आयोगाला करण्याजोगे पुष्कळ आहे. मानव्यविद्यांचा गट सामाजिक शास्त्रांपासून वेगळा काढावा. प्रबंध ज्या भाषेत लिहिला, त्याच भाषेत वाचू शकणारा एक तरी परीक्षक सक्तीचा करावा. निवडलेला प्रबंध ‘शोधगंगा’च्या भांडारात पडून न राहता पुस्तकरूपाने निघेल आणि दुसऱ्या किमान एका भारतीय भाषेत जाईल, एवढी तरतूद प्रशस्तिपत्राला जोडावी. एम.ए.च्या पातळीवरील लघुप्रबंधांसाठी छत्तीसगड आणि महाराष्ट्र सरकारांनी आपापले पुरस्कार सुरू करावेत. त्याला संसदेच्या मंजुरीची गरज नाही. खासदारांपुरते बोलायचे तर, दहा हजार तंत्रज्ञान अधिछात्रवृत्त्यांच्या शेजारी सामाजिक शास्त्रांसाठी किती, एवढा एक तारांकित प्रश्न दुर्गच्या किंवा नागपूरच्या सदस्याने विचारला, तर शिक्षणमंत्र्यांना सभागृहात उभे राहून आकडा सांगावा लागेल.