चार्जिंगला ॲपची सक्ती कशासाठी?

इंदूरहून धुळे-नाशिकमार्गे पुण्याला जाणे आपल्या घरांना नवे नाही. लग्नकार्य, कुलदैवत, कुणाचे आजारपण, निमित्त निघतेच. आता या वाटेवर विजेच्या मोटारीही दिसतात. वाटेत एकदा-दोनदा बॅटरी भरावी लागते आणि घोडे अडते ते पैसे देताना.

प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे. ते उतरवून घ्या, नंबर नोंदवा, ओटीपीची वाट बघा, मग त्यांच्या वॉलेटमध्ये आगाऊ पैसे भरा. तीनशे भरले आणि दोनशे चाळीसचीच वीज घेतली, तर साठ रुपये तिथेच पडून. सेंधव्यापुढचा बिजासन घाट उतरून महाराष्ट्रात शिरावे, तर दुसरी कंपनी, दुसरे वॉलेट! ज्या वॉलेटमधून फक्त त्याच कंपनीची सेवा घेता येते, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगीही लागत नाही आणि त्यातून रोख रक्कम काढता येत नाही. म्हणजे कंपनीला आपण बिनव्याजी उसनेच देतो.

केंद्रावर माणूस नसतो, वीज किती लागेल ते आधी कळत नाही, म्हणून आगाऊ पैसे हवेत, हे आम्हाला मान्य आहे. पण यूपीआयने घेतलेली रक्कम उरली तर ती त्याच बँक खात्यात परत करता येते. कोथिंबिरीच्या जुडीचे पैसे क्यूआर कोडने घेणाऱ्या देशात हे अवघड का असावे? फास्टॅग कोणत्याही बँकेचा असो, सर्व राष्ट्रीय टोलनाक्यांवर चालतो. युरोपीय संघाने तर १३ एप्रिल २०२४ पासून ५० किलोवॅट व त्यावरील नव्या सार्वजनिक चार्जरवर बँकेचे कार्ड चाललेच पाहिजे, असा नियम केला.

केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग केंद्रांसाठी २,००० कोटी रुपये ठेवले. पैसा जनतेचा, मग अट घालायला संकोच कसला? देशभरासाठी एकच ॲप करण्याचे काम २०२५ साली भेलकडे सोपवले गेले, ते स्वागतार्हच. तरीही सत्तरीतल्या आजोबांना ॲपविना पैसे देता आले पाहिजेत.

आमची मागणी साधी आहे. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक केंद्रावर थेट यूपीआय आणि कार्ड चालावे, प्रतियुनिट दर ठळक लिहावा, उरलेली रक्कम खात्यात परत जावी. खासदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. गाडी असो वा नसो, सभासदांनी येऊन सह्या कराव्यात.