जिमने झाकलेला चेहरा

मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’चा विषय निघाला की बोलणारा हटकून त्या चिठ्ठीवर येतो. पळालेला गुलाम जिम कुठे सापडेल, हे त्याच्या मालकिणीला कळवणारी चिठ्ठी हक लिहितो आणि मग फाडून टाकतो. गुलामाला मदत म्हणजे चोरी आणि चोरी म्हणजे नरक, असेच त्या पोराला शिकवलेले. तरी तो नरक पत्करतो. प्रसंग मोठा खराच. पण या दोघांच्या मैत्रीचा विचार करताना मला त्याच्या कितीतरी आधीचा, चार ओळींत आटोपलेला प्रसंग आठवतो.

मिसिसिपीला पूर आलेला असतो. वाहत आलेल्या एका लाकडी घरात दोघे शिरतात. आत एक माणूस पडलेला, पाठीत गोळी लागून मेलेला. जिम पुढे होऊन चेहरा पाहतो, त्यावर चिंध्या टाकतो आणि हकला बघू देत नाही. तो मृतदेह हकच्या दारुड्या बापाचा होता, हे जिम सांगतो ते थेट शेवटच्या प्रकरणात.

याला करुणा म्हणायचे का? हक पळाला होता तो बापाच्या भीतीने. बाप मेल्याचे कळते तर तो गावी परतला असता आणि जिम एकटा पडला असता. तेव्हा या मौनात जिमचा स्वार्थ होता, असे म्हणणारे आहेत. असेलही. पण जीव मुठीत धरून पळणाऱ्याकडून निर्भेळ दयेची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? पोराने बापाचे असे प्रेत पाहू नये, हेही त्याला त्याच क्षणी वाटले असणार. जिमच्या मनात दोन्ही एकत्र नांदत होते, म्हणून तर तो मला खरा वाटतो.

हकही काही साधुसंत नव्हे. धुक्यात ताटातूट झाल्यावर तो जिमची क्रूर थट्टा करतो, जिम दुखावतो. त्या गुलामाची माफी मागायला मनाची तयारी करण्यात हकची पंधरा मिनिटे जातात. त्यानंतरही तो त्याला पकडून द्यायला निघतो आणि ऐन वेळी, तराफ्यावर देवीचा रोगी असल्याचे भासवून, गुलाम शोधणाऱ्यांना पिटाळतो. त्याची निष्ठा अशी अडखळतच चालते.

टॉम सॉयरचे मात्र मला कधीच कौतुक वाटलेले नाही. मालकिणीने मृत्युपत्रात जिमला मुक्त केले आहे हे ठाऊक असूनही तो जिमच्या कैदेचा खेळ मांडतो. त्या खेळात टॉमच्या पायाला गोळी लागते, तेव्हा डॉक्टर आणल्याशिवाय इथून हलणार नाही म्हणून हटून बसतो तो जिमच, आणि पुन्हा पकडला जातो. टॉम मागाहून त्याच्या हातावर चाळीस डॉलर ठेवतो! अमेरिकेत हे पुस्तक १८८५ साली आले, गुलामगिरी कायद्याने जाऊन वीस वर्षे झाल्यावर. जिमची बाजू त्याच्याच तोंडून सांगणारी पर्सिव्हल एव्हरेटची ‘जेम्स’ ही कादंबरी यायला २०२४ साल उजाडले.

शेवटी हकला काळजी पडते, आपले सहा हजार डॉलर बापाने उडवले असतील. तेव्हा जिम त्या वाहत्या घराची आठवण काढतो. आता तो स्वतंत्र आहे. हक सोडून जाईल याचे भय उरलेले नाही. हक ऐकून घेतो आणि बापाविषयी एक शब्दही न काढता टॉमच्या जखमेबद्दल बोलू लागतो.