दैवाच्या माथीं खापर

जालन्यास आमच्या एका स्नेह्यांकडे परवां रात्रीं बिली वाइल्डर यांचा 'डबल इन्डेम्निटी' हा १९४४ सालचा बोलपट आम्ही चारसहा मंडळींनीं मिळून पाहिला. तो संपतांच स्नेही सुस्कारा टाकून म्हणाले, "दैवापुढें कोणाचें काय चालतें!" मंडळींनीं माना डोलाविल्या. आम्हीं डोलाविली नाहीं. आणि कां, तें येथें सांगणें प्राप्त आहे. कारण हें मत एका दिवाणखान्यापुरतें नाहीं. १९४६ सालीं फ्रेंच टीकाकारांनीं ज्या अमेरिकन बोलपटांस 'न्वार', म्हणजे काळे, असें नांव दिलें, त्यांच्याविषयीं लिहितांना दैवाचा महिमा गाण्याची चालच पडून गेली आहे.

कथानक पाहा. वॉल्टर नेफ हा विम्याचा एजंट आणि फिलिस ही एका गृहस्थाची बायको. दोघें मिळून तिच्या नवऱ्याचा अपघाताचा विमा उतरवितात, तोही त्याला नकळत. मोटारीच्या विम्याचा कागद म्हणून त्याच्यापुढें कागद ठेवितात, आणि दुसरी प्रत म्हणून भलत्याच कागदावर सही घेतात. रक्कम ५० हजार डॉलर. आगगाडीच्या अपघातांत मृत्यु आला तर दुप्पट! म्हणून त्याला मोटारींत मारून प्रेत रुळांवर ठेवावयाचें. ह्यांत दैव कोठें आलें? प्रेत टाकून निघतांना मोटार क्षणभर सुरू होत नाहीं, हीच काय ती दैवाची करणी. आणि तीही अखेर सुरू होतेच. (त्या क्षणीं ती सुरू व्हावी म्हणून आमचाहि जीव टांगणीस लागला होता, हें कबूल करावयास हरकत नाहीं. दिग्दर्शकाचें कौशल्य तें हेंच.)

मग दैवाची भाषा येते कोठून? ती नेफच्या तोंडून येते. सबंध हकीकत तोच ध्वनिमुद्रण-यंत्रापुढें बसून सांगतो. पुढच्याच वर्षींच्या 'डिटूर' ह्या बोलपटांतहि दैवाचें गाऱ्हाणें सांगणारा खुद्द नायकच आहे. एकदां सुरुवात झाल्यावर थांबतां आलें नाहीं, असें हे लोक म्हणतात. पण सुरुवात कोणीं केली? आरोपीची जबानी हाच न्यायाधीशाचा निकाल समजणाऱ्या टीकेस काय म्हणावें!

ती फसवून घेतलेली सही पाहतांना आम्हांस एका मराठी चित्राची आठवण झाली. बाबूराव पेंटर यांनीं १९२५ सालीं कोल्हापुरास महाराष्ट्र फिल्म कंपनींत नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' हा मूकपट काढिला, आणि १९३६ सालीं त्याचाच बोलपट केला. खोट्या कागदाच्या जोरावर सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो, आणि तो शेतकरी शहरांत जाऊन गिरणीचा मजूर होतो. मूकपटांत ह्या शेतकऱ्याचें काम शांताराम यांनीं केलें होतें. अंधारांत बुडालेली झोंपडी आणि बाहेर विव्हळणारा कुत्रा, हें त्यांतील दृश्य जे. बी. एच. वाडिया यांना कित्येक वर्षांनंतरहि आठवत होतें. 'न्वार' हें नांव निघण्यापूर्वी वीस वर्षें कोल्हापुरांत हा काळोख पडद्यावर आला होता. परंतु त्या काळोखांत पेंटरांनीं दैवास बसविलें नाहीं. खातेवही घेतलेला एक मनुष्य बसविला.

हा भेद रसिकतेचा नव्हे, व्यवहाराचा आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुप्याच्या कुणब्यांनीं सावकारांचीं खतें व वह्या काढून जाळल्या. त्यांचा राग माणसांपेक्षां कागदांवर अधिक होता. त्यांतूनच १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. जालना त्या वेळीं निजामाच्या मुलखांत, आणि १९४८ पर्यंत तेथेंच. त्यामुळें त्या कायद्याचा येथील कुळास कांहीं उपयोग नव्हता. त्याला दैवच तेवढें शिल्लक राहिलें, आणि तें शिकविणाऱ्यांची वाण कधींच पडली नाहीं. पाऊस न पडला तर त्यास खुशाल दैव म्हणावें; २०१२ च्या अवर्षणांत ह्या जिल्ह्यानें तें पुरेपूर भोगिलें. पण व्याजाचा दर आकाशांतून पडत नाहीं. सावकारीच्या पोटीं बळकावलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमानें जिल्हा निबंधकास दिला आहे. मात्र त्याच्याकडे अर्ज करावयाचा तर आपली जमीन दैवानें नव्हे, अमक्यानें नेली, असें लिहून द्यावें लागतें.

हें सर्व आम्ही त्याच रात्रीं बोलून दाखविलें, कदाचित् जरा चढ्या आवाजांत. स्नेह्यांच्या आजोबांची काळी जमीन अशीच गेली होती, हें आम्हांस ठाऊक होतें, आणि त्यांच्या घरीं त्या गोष्टीस आजवर दैव हेंच नांव आहे. तो कागद कोणाच्या हातचा होता, असें आम्हीं विचारलें. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. कागद अजून आईच्या पेटींत आहे, एवढेंच म्हणाले, आणि दिवा लावावयास उठले.