डोळ्यांवरची पट्टी

गोष्ट ऐकायला कोणाला आवडत नाही? ‘तिलिस्म-ए-होशरुबा’मधील जादूच्या नगरीत आपण हरवून जातो. अम्र अय्यारच्या झंबीलमध्ये सारे जग मावते, तेव्हा ‘हे कसे शक्य आहे?’ असे आपण विचारत नाही. विचारण्याची गरजही नसते. ही कल्पना आहे, हे दास्तान सांगणाऱ्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही अशीच नव्या काळातील एक दास्तान आहे. ही अमेरिकन मालिका २०१६ साली सुरू झाली आणि २०२५ साली संपली. तिच्यात इलेव्हन नावाची एक मुलगी आहे. इलेव्हन म्हणजे अकरा. हे नाव नव्हे, क्रमांक आहे. तो तिच्या मनगटावर गोंदलेला आहे. ही मुलगी केवळ मनाच्या जोरावर वस्तू हलवते, बंद दार उघडते, दूरच्या माणसाचा ठाव घेते. असे करताना तिच्या नाकातून रक्त येते.

या मालिकेत भयानक राक्षस आहेत. परंतु माझ्या मते तिच्यातील सर्वांत भयंकर गोष्ट राक्षस ही नाही. प्रयोगशाळेतील मोठी माणसे इलेव्हनला मूल मानत नाहीत, एक साधन मानतात, ही ती गोष्ट आहे. ज्याला ती ‘पापा’ म्हणते, तोच तिला कामाला जुंपतो. तिने ऐकले नाही, तर तिला अंधाऱ्या खोलीत कोंडले जाते. पुढे तिला तीन मुले भेटतात. ती तिला आसरा देतात, खाऊ घालतात आणि एक साधी गोष्ट शिकवतात : मित्रांशी खोटे बोलायचे नाही. इलेव्हनला माणूसपण मिळते ते शक्तीमुळे नव्हे, तर या मैत्रीमुळे आणि खरेपणामुळे.

ही झाली परदेशातील काल्पनिक गोष्ट. परंतु मुलांमध्ये अद्भुत शक्ती शोधण्याचा मोह आपल्याकडेही जुना आहे. जन्माच्या वेळी ज्याचे पाय आधी बाहेर येतात, त्या मुलाला मराठीत ‘पायाळू’ म्हणतात. पायाळू मुलाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीत पुरलेले धन दिसते, अशी समजूत खेड्यापाड्यांत होती. ‘हाजिरात’ हा शब्द तुमच्यापैकी काहींनी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल. तिच्यात मुलाच्या नखावर किंवा तळहातावर काजळ लावतात आणि त्याला त्यात पाहायला सांगतात. चोर कोण, हरवलेली वस्तू कोठे, हे सारे त्या लहान मुलाने सांगायचे!

त्या मुलाची अवस्था डोळ्यांसमोर आणा. भोवती मोठी माणसे बसली आहेत. सगळे पुन्हा पुन्हा विचारत आहेत, ‘काय दिसते? माणूस दिसतो का? त्याच्या डोक्यावर पागोटे आहे का?’ काजळाच्या चकाकत्या ठिपक्यात मुलाला स्वतःच्याच चेहऱ्याची पुसट सावली दिसते. थोड्या वेळाने ते ‘हो’ म्हणते. ते लबाड नसते. मोठ्यांना जे उत्तर हवे आहे, तेच ते देते. त्या उत्तरावरून एखाद्या निरपराध माणसावर चोरीचा आळ येऊ शकतो. बाळ पायांकडून जन्माला येणे ही तर केवळ आईच्या पोटातील त्याच्या स्थितीची बाब आहे. तिचा आणि गुप्तधनाचा काहीही संबंध नाही.

काळ बदलला, तसे काजळ गेले आणि विज्ञानाचे शब्द आले. अलीकडच्या काळात महाराष्ट्रातील अनेक शहरांत ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग निघाले. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू. तो जागा केला की मूल डोळ्यांवर पट्टी बांधूनही वाचू शकते, रंग ओळखू शकते, असा दावा केला जाई. त्यासाठी पालकांकडून हजारो रुपये घेतले जात.

खरे पाहता मध्यमेंदू हा मेंदूचा एक लहानसा भाग आहे. डोळ्यांची हालचाल आणि आवाजाकडे चटकन वळणे, अशा कामांशी त्याचा संबंध असतो. तो जन्मापासून काम करतच असतो. त्याला कोणी जागे करावे लागत नाही. मग मुले वाचतात कशी? तुम्ही घरी एक प्रयोग करा. डोळ्यांवर रुमाल बांधा आणि मान न हलवता खाली पाहा. नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक फट राहते. तिच्यातून हातातील पुस्तक दिसते! आता तेच पुस्तक कोणाला तरी तुमच्या डोक्यावर धरायला सांगा, किंवा खोलीत पूर्ण अंधार करा. वाचन थांबते. डोळ्यांविना वाचता येत असेल, तर दिवा मालवल्याने काय बिघडावे? अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी या वर्गांना आव्हान दिले, ते याच कारणासाठी.

काही पालक म्हणतील, ‘मुलाचा आत्मविश्वास वाढतो ना? मग थोडे डोकावून पाहिले, तर कोठे बिघडले?’ मला हे पटत नाही. पट्टीखालून दिसते आहे, हे मुलाला ठाऊक असते. समोर आई आनंदाने टाळ्या वाजवत असते. खरे सांगावे, तर आईचा आनंद जाईल. न सांगावे, तर मनाला टोचणी लागेल. अशा पेचात मूल गप्प राहते. लबाडी करून शाबासकी मिळते, हा धडा ते शिकते. इलेव्हनला तिच्या मित्रांनी खरे बोलायला शिकवले. येथे मोठी माणसे पैसे मोजून मुलाला खोटे बोलायला शिकवतात!

अशा फसवणुकीविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी आयुष्यभर काम केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे आणि गुप्तधनासाठी कोणाचा छळ करणे किंवा बळी देणे, हे या कायद्याने गुन्हे ठरवले आहेत.

मग अद्भुत गोष्टी वाचूच नयेत का? जरूर वाचाव्यात. याबाबतीत आपल्या कोल्हापूरचेच उदाहरण घेऊ. थोर खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. त्यांनी मराठीत सुंदर विज्ञानकथा लिहिल्या. कथेत त्यांनी कल्पनेला मोकळे सोडले. पण खऱ्या जगातील दावा मात्र तपासून पाहिला. पत्रिकेवरून मुलाची बुद्धी कळते, असे ज्योतिषी सांगतात. २००८ साली नारळीकर, दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतील चाळीस पत्रिका पाठवल्या आणि हुशार मुलांच्या कोणत्या, ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे दिली. त्यांतील सुमारे ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवून उत्तर दिले असते, तरी साधारण निम्मी उत्तरे बरोबर आली असती!

मित्रांनो, दास्तान ऐकताना डोळे मिटून स्वप्न पाहावे. मात्र कोणी चमत्काराचा दावा करून पैसे मागू लागला, तर डोळे उघडे ठेवून प्रश्न विचारावा. आणि उद्या कोणी तुमच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून ‘वाच’ म्हणाला, तर न घाबरता सांगा, ‘मला खालच्या फटीतून दिसते आहे.’ एवढे सांगायला कोणतीही अद्भुत शक्ती लागत नाही, फक्त धैर्य लागते. ते प्रत्येक मुलाजवळ असते.

शब्दार्थ
ठाव घेणे – पत्ता लावणे
आसरा – आधार, निवारा
आळ – खोटा आरोप
टोचणी – मनाला लागलेली बोच
पेच – अडचण

स्वाध्याय
१. लेखकाच्या मते मालिकेतील सर्वांत भयंकर गोष्ट कोणती?
२. काजळात पाहणारे मूल ‘हो’ का म्हणते?
३. ‘मुलाचा आत्मविश्वास वाढतो ना?’ या पालकांच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर द्याल? पाच-सहा वाक्यांत लिहा.