भाऊराव कोल्हटकरांचा हरवलेला आवाज

१८७४ साली सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंदिरात मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोदुनोव’ या रशियन ऑपेरातील झारची भूमिका इव्हान मेल्निकोव्हने प्रथम गायली. त्यानंतर सहाच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला, आणि मोरोबा वाघोलीकरांचा दुष्यंत पदे गाऊ लागताच मराठी रंगभूमीचा भाग्योदय झाला. दोन्हीकडे नाट्यसंगीताची सारी भिस्त गायकाच्या कंठावर होती.

आपल्याकडे त्या कंठाची परमावधी म्हणजे बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर. १८८२ साली, वयाच्या विशीच्या आतच, ते किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत दाखल झाले आणि ‘सौभद्रा’तील सुभद्रेने महाराष्ट्र जिंकला. तेव्हा ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या बाकावरील श्रोत्यापर्यंत शब्द, स्वर आणि भाव हे तिन्ही अभंग पोहोचवायचे ते केवळ छातीच्या जोरावर. लोकांनी त्यांना लाडाने ‘भावड्या’ म्हटले. अण्णासाहेब १८८५ साली गेल्यावरही मंडळी तगली, याचे मोठे श्रेय, माझ्या मते, भाऊरावांच्या गळ्यालाच द्यावे लागेल. वयोमानाप्रमाणे ते पुढे पुरुषभूमिकांकडे वळले आणि फेब्रुवारी १९०१ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, निवर्तले.

ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्गसाहेब ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन कलकत्त्यास उतरले ते १९०२ च्या अखेरीस. पावणेदोन वर्षांचे हे अंतर मला फार जाचते. बालगंधर्वांची तान आपण आजही तबकडीवर पारखू शकतो. भाऊरावांच्या बाबतीत मात्र समकालीनांच्या स्तुतिपर मजकुरावरच विसंबावे लागते, आणि ‘गोड’, ‘पल्लेदार’, ‘धारदार’ अशा विशेषणांतून एकही स्वर कानी पडत नाही.

दैवाने केलेली ती हानी भरून येणार नाही. पण आज यंत्र प्रत्येकाच्या खिशात असताना तीच हानी आपण स्वहस्ते करीत आहोत, ही गोष्ट मला अक्षम्य वाटते. आमच्या मुरुडच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून अद्याप अशी वृद्ध मंडळी आहेत, ज्यांनी उत्सवी नाटकांतील पदे पुस्तकावरून नव्हे, तर आधीच्या पिढीच्या तोंडून उचलली. असे एक गृहस्थ गायला बसले की पेटीवाल्याला प्रथम काळी चार दाबायला लावतात, मग मान हलवून दोन पट्ट्या खाली उतरवतात, आणि नारदाचे पद म्हणताना अंतऱ्यापूर्वी असा एक ठहराव घेतात, जो छापील प्रतीत कोठेही नाही. तो ठहराव त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाला. त्यांच्यामागे तो घेणारा कोणी नाही.

तालुक्याच्या वाचनालयांनी आणि उत्सवाच्या पंचमंडळींनी हे काम आपल्या दप्तरी घ्यावे. पद कोणते, पट्टी कोणती, ठेका कोणता, चाल कोणाकडून आणि सुमारे कोणत्या साली घेतली, हा सारा तपशील गाणाऱ्याच्याच तोंडून ध्वनिमुद्रणात यावा. शक्य तर साथीला त्यांच्या सवयीचाच पेटीवाला बसवावा, आणि चुकले-माकलेले कापू नये. यास मोठी रक्कम लागत नाही. एक शांत खोली, एक दुपार आणि मुद्रणाची एक प्रत जिल्हा ग्रंथालयात रीतसर दाखल करण्याची तसदी, एवढेच लागते. येत्या उत्सवापूर्वी, पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांतच, हे काम सुरू व्हावे.