जुन्या ट्रेलरचा पाटा कुठे मिळेल?

पाटा म्हटलं की आपल्या घरात आधी आठवतो तो मसाला वाटायचा पाटा-वरवंटा. हायवेवरच्या गॅरेजात मात्र पाटा म्हणजे चाकाच्या वर बसवलेली पोलादी पट्टी. अशा चार-सहा पट्ट्या एकावर एक रचल्या की कमान तयार होते. उर्दूत तिला कमानी म्हणतात. फारसीत कमान म्हणजे धनुष्य, आणि आपल्या दारावरची कमानही त्याच शब्दातून मराठीत आली. ओझं पडलं की वाकायचं, ओझं उतरलं की परत उभं राहायचं, हा धनुष्याचा गुण. गाडीची कमानही तेच करते.

आज हा विषय घेतला तो वीर धरणाच्या बाजूने आलेल्या एका पत्रामुळे. लिहिणाऱ्या आपांचे शोहर आणि दीर बॅकवॉटरमध्ये मासेमारी करतात. बोट दुरुस्तीला न्यायची, पावसाआधी वर काढून ठेवायची, यासाठी त्यांनी मुंबईकडून एक जुना परदेशी बनावटीचा ट्रेलर घेतला होता. त्याच्या एका बाजूचा मुख्य पाटा तुटला. तीन दुकानं फिरून झाली. सगळीकडे एकच उत्तर : ‘हा पाटा येत नाही, ट्रेलर भंगारात घाला.’ नव्या ट्रेलरला पैसे नाहीत आणि बोट म्हणजे घराची रोजी. काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

आपा, ट्रेलर लगेच भंगारात घालू नका. दुकानदार खोटं बोलत नाही, पण त्याचा हिशोब वेगळा आहे. स्पेअर पार्टच्या दुकानात माल गाडीच्या नावाने लावलेला असतो. ‘कोणत्या गाडीचा?’ हा त्याचा पहिला प्रश्न, आणि बोटीच्या ट्रेलरला त्याच्या यादीत नावच नाही. म्हणून नाव सांगून शोधू नका, माप सांगून शोधा.

परदेशी बोट-ट्रेलरच्या पाट्याची रुंदी बहुधा पावणेदोन इंच किंवा ४५ मिलिमीटर असते. दोन्हींत अर्ध्या मिलिमीटरचाच फरक. जुन्या विलीस जीपचे पाटेही पावणेदोन इंचीच होते आणि ती जीप आपल्याकडे आणली महिंद्राने. ही कंपनी १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली होती. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं. सांगायचा मुद्दा इतकाच की या रुंदीची पट्टी आपल्या मुलखाला अनोळखी नाही. जीपचा पाटा जसाच्या तसा बसणार नाही, तो लांब आणि कडक असतो. पण जाणकार पाटेवाला त्या रुंदीची पट्टी मिळवून तुमच्या मापाचा संच करून देऊ शकतो.

दुकानात जाण्याआधी ही मापं वहीत लिहा. शाबूत बाजूचा पाटा मोजा, तुटलेला नव्हे.

१. पाट्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली आहेत की एकच? काही ट्रेलरला एक टोक गोल आणि दुसरं सपाट असतं, ते आधारावर नुसतं सरकतं. हा फरक सगळ्यात आधी सांगा.
२. एका गोलाच्या मध्यापासून दुसऱ्या गोलाच्या मध्यापर्यंतची लांबी. सपाट टोक असेल तर त्या टोकापर्यंत.
३. प्रत्येक टोकापासून मधल्या बोल्टपर्यंतचं अंतर. दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही.
४. रुंदी, पाट्यांची संख्या आणि प्रत्येक पाट्याची जाडी. हे व्हर्नियरने मोजा. शाळेच्या प्रयोगशाळेत तो असतोच.
५. गोलाचा आतला व्यास, म्हणजे बुश कोणता बसेल ते कळेल.
६. कमानीची उंची. पाटा खाली उतरवून दोन टोकांमध्ये दोरी ताणा आणि दोरीपासून मधल्या भागापर्यंत मोजा.
७. यू-बोल्टची जाडी, आतली रुंदी आणि पायांची लांबी.

सोबत वजनही लिहा. समजा बोट, इंजिन, जाळी आणि डिझेल मिळून ५०० किलो होतात, तर एका बाजूच्या कमानीवर साधारण २५० किलो आले. हे सांगितलं नाही तर कारागीर ‘जरा मजबूत करून देतो’ म्हणून जाड पाटे घालेल. इथे एक गणित लक्षात ठेवावं. पाट्याची कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी तितकेच ८ मिलिमीटरचे पाटे घातले तर कमान जवळपास २.४ पट कडक होते. मग ती वाकतच नाही, खड्ड्याचा प्रत्येक दणका सरळ बोटीच्या तळाला बसतो आणि सांधे उकलतात. मजबूत म्हणजे चांगलं, असं इथे नाही.

आता जायचं कुठे? खंडाळा पुणे-बेंगळुरू हायवेवर, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी आहे. जिथे भरलेले ट्रक घाट चढतात-उतरतात, तिथे पाट्याचं काम जाणणारी माणसं असतात. आधी तिथे विचारा. ऊसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारे लोकही हे काम करतात. नव्या पट्टीसाठी पुण्याची नाना पेठ, तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची मोठी पेठ आहे. देशातल्या पाट्यांचा मोठा वाटा हरियाणातल्या यमुनानगरच्या जमना ऑटोसारख्या कारखान्यांतून येतो, त्यांचा माल विक्रेत्यांकडे असतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जुना पाटाही सापडेल, पण तो घेताना जपून. गंजाचा खड्डा किंवा केसासारखी चीर दिसली तर तो सोडून द्या. पाटा तिथूनच तुटतो.

कारागिराला एक प्रश्न जरूर विचारा : ‘पाणी कसं देणार?’ पाट्याचं पोलाद साधं लोखंड नव्हे. त्यात सिलिकॉन आणि मँगनीज असतं. ते लालभडक तापवून तेलात बुडवतात, मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. तेव्हा त्याला ती लवचीकता येते. कुणी नुसतं भट्टीत तापवून, वाकवून, हवेत गार करून दिलं तर पाटा दिसायला नवा दिसेल, पण महिन्याभरात बसेल. आणि तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग तर कधीच करू देऊ नका. वेल्डिंगच्या आचेने पाणी उतरतं आणि पाटा जोडाच्या शेजारी परत तुटतो.

पाटे नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदला, नाहीतर ट्रेलर एका अंगावर कलतो. यू-बोल्ट, बुश आणि मधला बोल्ट नवे घ्या. पहिल्या काही फेऱ्यांनंतर नट पुन्हा आवळून घ्या. काम करताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कुणी खाली शिरू नये.

बोट उतरवताना चाकं पाण्यात जातात. तापलेलं हब गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. म्हणून काठावर थोडा वेळ थांबून मगच ट्रेलर पाण्यात घाला. बाहेर काढल्यावर पाट्यांमधला गाळ धुऊन टाका, कारण ओला गाळ अडकला की गंज आतून खातो.

ही गोष्ट फक्त मासेमारांची नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली आणि माणसं गेली. ती दुर्घटना ट्रेलरमुळे झाली नव्हती. पण बोटी कमी असल्या की एका बोटीत किती माणसं चढतात, हे तेव्हा दिसलं. नदीकाठच्या गावात वर्षभर शेडमध्ये उभ्या असलेल्या बोटीचा ट्रेलर ऐन पुरात रस्त्यात बसला, तर आणखी एक बोट कमी झाली. ज्यांच्या गावात अशी बोट आहे त्यांनी मे महिन्यातच पाटे, बेअरिंग आणि टायर पाहून घ्यावेत, ग्रामपंचायतीला आठवण करावी.

आपा, तुमची मापं आणि शाबूत बाजूचा एक फोटो घेऊन भाईंना पाटेवाल्याकडे पाठवा. तुटलेला पाटाही सोबत द्या, टाकू नका. जाणता कारागीर तुटलेली जागा बघूनच सांगतो की दोष गंजाचा होता, ओझ्याचा की पाण्याचा. ते कळलं तर पुढचा पाटा टिकेल.